एक बाई सीट, जोडीदार हवी

‘कुणाबरोबरही चालेल’ म्हणालास ना आत्ता? मग पेन ठेव खाली आणि बस जरा. चहा येतोय. आईचं बुकिंग करायला आलास, ती एकटी, खोली दोघींची. जोडीदार कशी हवी म्हणून मी विचारलं तर तू खांदे उडवलेस. तुला एक गोष्ट सांगतो. ती ऐक, मग फॉर्म भर नाहीतर फाड. माझं शिक्षण म्हणशील तर सातवीत मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना, त्यामुळं गोष्ट वाकडीतिकडी येईल. पण खरी येईल.

लोकांना वाटतं यात्रा कंपनीवाला देव दाखवतो. देव काय, यष्टीनं गेलास तरी दिसेल. आम्ही गाडी ठरवतो, पुढच्या गावात लॉज धरून ठेवतो, आचारी आणि शेगड्या भरून टेम्पो आधी पुढं काढतो. म्हणजे आपली म्हातारी माणसं रामेश्वरात उतरली की त्यांच्या ताटात पिठलं-भाकरी पडते आणि ती घरी जाऊन सांगतात, काही त्रास नाही बघा. एवढ्यावर धंदा चालतो. हे सगळं जमून जातं. अवघड असतं ते एकटं माणूस. जोडपं आलं की एक खोली, विषय संपला. एकट्या बाईला अख्खी खोली घ्यायची तर तिला झेपत नाही. मग एकटीला दुसरी एकटी जोडायची. लग्न जमवणं सोपं रे. तिथं निदान पत्रिका बघतात.

तेव्हा मोबाइल नव्हते. विट्यातलं ऑफिस हेच, फक्त वर पत्रा होता. बाहेर पाटी, ‘बिनघोर यात्रा कंपनी’. सांगली, कराड, तासगाव, सगळीकडं आमचे एजंट. एजंट म्हणजे कुणी कापडवाला, कुणी एसटीडी बूथवाला. त्यांनी सीट द्यायची, आम्ही कमिशन द्यायचं. एकटी बाई आली की मी सगळ्यांना फोन लावायचो आणि ते दुकानाबाहेर पुठ्ठा टांगायचे. ‘रामेश्वर-कन्याकुमारी. एक बाई सीट, जोडीदार हवी.’ आणि खाली आधीच्या बाईचं नाव, गाव. नाव दिसलं की लोकांना भरवसा वाटतो. अमक्या गावची म्हणजे माहितीतली. धंद्याची रीतच होती ती.

त्या वर्षी एकटी आली ती माहुलीची गजराबाई मुळीक.

पन्नाशी उलटलेली, उन्हानं रापलेली बाई. कपाळावर कुंकू एवढं मोठं की आधी कुंकू आत आलं आणि मागनं बाई. खुर्ची दिली तर बसली नाही.

“आण्णा, तुमची गाडी सेलमला थांबती का?”

“जेवायला थांबते.”

“आन मदुराईला?”

“मुक्काम असतो की.”

“मग लिवा माझं नाव. म्या देव बघाय न्हाई येत. माझं मानूस हुडकाय येतीय.”

आमच्या खानापूर भागातली माणसं गलाईला जातात, तुला माहीतच आहे. सोनं-चांदी गाळायचा धंदा. हिंदुस्थानात असं शहर नाही जिथल्या सराफ बाजारात विट्याकडचा माणूस भट्टी फुंकत बसलेला नाही. हिचा नवरा लग्नानंतर काही वर्षांनी तसाच गेला, मद्रासकडं. आधी दिवाळीला यायचा. मग दिवाळी चुकायला लागली. मग आलाच नाही. त्याला वीसेक वर्षं झालेली. बाईनं म्हशी राखल्या, सासू सांभाळली. ती सासूही दोन वर्षांमागं हिच्याच मांडीवर गेली.

“एवढ्या वर्षांनी कशाला शोधता काकू?” मी म्हणलं. “लई रागावलाय काय त्याच्यावर?”

“राग त्याच्यावर कशापायी? मला पोर न्हाई झालं म्हनून गेला त्यो. समदं गाव म्हनतं, सासूबी मरंस्तोवर म्हनत व्हती. मला फकस्त एवढं कळू दे, त्यो हाय का न्हाई. रोज आंघुळ झाली की आरशापुढं हात थांबतोय माझा. कुक्कू लावू का नगं? दुसरं काय नगं मला.”

मी नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाला लावला. आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका घेत नाहीत नाव. शेवटी पिशवीतनं एक पिवळा पडलेला फोटो काढला, फेटा बांधलेला तरणा गडी, आणि मागं कुणीतरी लिहिलेलं मला वाचायला लावलं. सर्जेराव हैबती मुळीक.

मग फिरवले फोन. लागले पुठ्ठे.

काही दिवसांनी एक बाई ऑफिसात आली. गजराबाईपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, गोरी, कपाळ मोकळं, साडी साधी पण नीटनेटकी. सांगलीहून यष्टीनं आलेली. मी म्हणलं, सांगलीत आमचा बूथवाला आहे, तिथंच भरायचं की. इतक्या लांब कशाला आलात?

“खात्री करायला आले,” ती म्हणाली. “त्या माहुलीच्या बाईबरोबरच खोली ना?”

“हो.”

“गजराबाई मुळीक. त्यांच्याबरोबरच?”

“अहो बाई, त्यांच्याबरोबरच.”

नाव लिहिलं रत्नमाला शिंत्रे. पावती घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. “मध्येच बदलत नाही ना तुम्ही खोल्या?”

मला हसू आलं. एकट्या बायका घाबरतात, घोरणारी येईल, चोरटी येईल. मी म्हणलं, “ताई, आमच्याकडं जोडी एकदा लावली की लावली. गाडीत शेजारी, पंगतीत शेजारी, देवळात शेजारी. परत विट्याला उतरेपर्यंत.”

तिनं मान हलवली. बरं वाटलं असेल म्हणलं.

गाडी निघाली. पहिल्या संध्याकाळी आमच्याकडं ओळख असते. माइक एकेकाच्या हातात द्यायचा; नाव सांगायचं, गाव सांगायचं, का आलो ते सांगायचं. पहिल्या सीटवर विधातेमामा होते, यष्टीतले रिटायर कंडक्टर. माणूस असा की घरात सुद्धा बायकोला ‘पुढं सरका’ म्हणत असावा. त्यांनी माइक घेतला तो सोडेचना. मग गजराबाईची पाळी आली. तिनं माइक तोंडापासनं हातभर लांब धरला आणि ऑफिसात जे मला सांगितलं होतं ते सगळं गाडीला सांगितलं. फोटो हातोहात मागपर्यंत जाऊन आला. आणि विधातेमामा उठून म्हणाले, “काकू, मी तीस वर्षं गर्दीत बिनतिकिटाची माणसं शोधलीत. हा कुठं जातोय. नाव तुम्ही घेऊ नका, मी घेतो. तुम्ही फक्त फोटो धरा.”

मग माइक शेजारी गेला. रत्नमालाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. “मी रत्नमाला. सांगलीला भावाकडं असते. रामेश्वरला... एक काम राहिलंय माझं.” एवढंच बोलून त्या खिडकीकडं वळल्या. त्यांच्या हातात मघाचा फोटो होता. गजराबाईला परत द्यायचा विसरल्या होत्या.

मी आपला खूश. कारण जोडी काय जमली सांगू. दुसऱ्या दिवशीपासनं रत्नमालाबाई हिची पिशवी उचलतायत, हिला चढायला हात देतायत. गजराबाईला गाडी लागायची, तर ह्या लिंबू कापून हातात ठेवायच्या. सकाळी नाश्त्याला गजराबाई मला म्हणाली, “आण्णा, ह्या बाईला कुठनं आनलीसा? पाय चेपती रातच्याला. नगं म्हनलं तरी चेपती. सख्खी भन करनार न्हाई.”

“काय बोलता दोघी रात्री?”

“म्याच बोलती. तिला आमच्या ह्यांचंच सांगती. त्यो कसा चालायचा, कसा जेवायचा. ती आयकती. लई आयकती. एकदा रडलीबी.”

सेलमला आचाऱ्याचा टेम्पो पुढं लागलाच होता. जेवण उरकलं आणि मी विधातेमामांना घेऊन, गजराबाईला मध्ये धरून, सराफ बाजारातल्या गलाईच्या गल्लीत शिरलो. रत्नमालाबाई गाडीतच राहिल्या, डोकं दुखतंय म्हणून पदर तोंडावर घेऊन. गल्लीत अर्धी दुकानं आपल्याच लोकांची. मामा प्रत्येक दारात उभे राहून गाडीत थांबा पुकारल्यासारखे ओरडायचे, “सर्जेराव हैबती मुळीक, माहुली, कुणाच्या ओळखीचा?” आणि गजराबाई फोटो पुढं धरायची. कुणी मान हलवायचं, कुणी चहा विचारायचं. शेवटच्या दुकानात एक म्हातारा होता, भाळवणीकडचा. त्यानं फोटो हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“हा इथं होता. माझ्याच भट्टीवर.”

गजराबाईनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

“मग मदुराईला गेला. लई वर्षं झाली. तिथं दुकान टाकलं म्हणायचे.” म्हाताऱ्यानं गजराबाईच्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “पुढचं मला माहीत नाही. तिथंच विचारा.”

परत येताना ती बाई चालत नव्हती, पळत होती. गाडीत चढली ती थेट रत्नमालाबाईंच्या खांद्याला धरून हलवायला लागली. “उठ गं. घावला. मदुराईला हाय. दुकान हाय त्याचं.” सगळी गाडी टाळ्या वाजवतेय. मामा तर ड्रायव्हरला डबल बेल देतायत. आणि रत्नमालाबाई पदर बाजूला करून बघतायत, तोंड पांढरंफटक. मला वाटलं, खरंच डोकं दुखतंय.

मदुराईत मीनाक्षीचं देऊळ झालं आणि गजराबाई म्हणाली, आता चला, सराफ बाजार कुठाय. रत्नमालाबाईंनी तिचा हात धरला.

“ताई, आधी रामेश्वर करू. देवाचं राहिलेलं बरं नाही. परत येताना गाडी मदुराईवरनंच जाते ना, आण्णा? तेव्हा मी स्वतः येते तुमच्याबरोबर. शप्पथ.”

मलाही ते सोयीचं होतं. रामेश्वरचं लॉज धरलेलं, गुरुजी सांगून ठेवलेले, टेम्पो पुढं गेलेला. एका माणसासाठी गाडी थांबवली की मागचं सगळं कोसळतं. मी म्हणलं, “काकू, वीस वर्षं कळ काढली, अजून दोन दिवस.”

गजराबाई कुरकुरली, पण ऐकलं. मग म्हणाली, “मग बांगड्या तरी भरू. पितळ्या घालून त्याच्यापुढं जाऊ व्हय?”

देवळाच्या बाहेरच बांगड्यांची दुकानं. दुकानदार तमिळमध्ये भाव सांगतोय, गजराबाई माहुलीच्या मराठीत घासाघीस करतेय, दोघांचं छान चाललेलं. आणि मध्येच रत्नमालाबाईंनी दुकानदाराला काहीतरी सांगितलं, फडाफड, त्याच्याच भाषेत. तो हसला आणि आतनं चांगल्यातल्या हिरव्या बांगड्या काढल्या.

“तुम्हाला तमिळ येतं?” मी विचारलं.

“थोडं. आमची माणसं होती इकडं.”

गलाईची नातीगोती सगळीकडं असतात. मी सोडून दिलं. गजराबाईच्या हाताची हाडं जाड, बांगडी चढेना. दुकानदार दमला. तेव्हा रत्नमालाबाईंनी तिचा पंजा मांडीवर घेतला, तेलाचं बोट लावलं आणि एकेक बांगडी चढवली. गजराबाई लाजत होती, नव्या नवरीसारखी. शेवटची चढली तेव्हा रत्नमालाबाईंनी तिचा हात आपल्या कपाळाला लावला. मी बघितलं ते. मला वाटलं, मोठ्या बाईला नमस्कार केला.

आता रामेश्वर.

तिथं समुद्रावर आमच्या लोकांचं तर्पण असतं. गेलेल्यांच्या नावानं तीळ आणि पाणी सोडायचं. तिथले पुजारी मूळचे आपल्याच मुलखातले, पिढ्यान् पिढ्या तिथं राहिलेले. त्यांचं मराठी जुनं, पण कळतं. आमचे ठरलेले गुरुजी होते. सगळ्यांना वाळूत एका ओळीत बसवायचे, जोडी जोडीनं, आणि एकेकाला ओंजळ धरायला लावायचे. गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, कुणाचा कोण, कुठल्या गावचा, आणि पाणी सोडायचं. मी मागं उभा, हातावर कोरड्या टॉवेलांचा ढीग.

मामांनी वडिलांचं नाव असं पुकारलं की किनाऱ्यावरची कुत्री उठली. हसले सगळे. मग गजराबाई. तिनं सासूचं नाव घेतलं. “लई शिव्या घातल्यास म्हातारे, पर पानी माझ्याच हातचं घे,” असंही म्हणाली. पुन्हा हसले लोक. तीळ तिच्या बोटांना चिकटलेले, ती ते चोळत होती.

मग रत्नमालाबाई.

ओंजळ धरली. गुरुजींनी पाणी घातलं.

“नाव घ्यावे,” गुरुजी म्हणाले.

बोटांतनं पाणी वाळूत ठिबकतंय.

“बाई, पाणी गळून चालले. नाव घ्यावे.”

तिनं मान वळवून गजराबाईकडं बघितलं. आणि समोर समुद्राकडं तोंड करून एकेक शब्द सुटा म्हणाली. “सर्जेराव. हैबती. मुळीक. माहुली.”

आणि ओंजळ उघडली.

माझ्या हातातले टॉवेल कधी वाळूत पडले मला कळलं नाही. आधी वाटलं, बाईनं चुकून म्हणलं. रोज तेच नाव ऐकून ऐकून जिभेवर आलं असेल. गजराबाईलाही तसंच वाटलं असावं. ती हसत होती थोडी. म्हणाली, “अगं येडे, माझ्या मानसाचं नाव तू कशापायी घेतलंस? त्यो मदुराईला हाय.”

“नाहीत, ताई.” रत्नमालाबाई वाळूकडं बघत म्हणाल्या. “तीन वर्षं झाली. आम्ही मदुराईलाच राहत होतो.”

“आमी म्हंजी कोन?”

रत्नमालाबाईंनी पदर कपाळावर ओढला.

“आमी म्हंजी कोन गं?”

“मी आणि ते.”

गुरुजींच्या हातात तांब्या तसाच तिरका. लाट आली, सगळ्यांचे पाय भिजवून गेली, तरी कुणी पाय उचलला नाही.

रत्नमालाबाई बोलायला लागल्या ते थांबेचनात. आईबाप लवकर गेले, म्हणून त्या सेलमच्या गलाईवाल्या मामाकडं वाढल्या. मामानं लग्न लावलं तेव्हा सर्जेरावांनी सांगितलं होतं, पहिली बायको बाळंतपणात गेली.

“बाळंतपनात?” गजराबाई म्हणाली. “म्या बाळंत कवा झाले?”

“मला खरं माहीत नव्हतं, ताई. शेवटच्या आजारात म्हणाले, माहुलीला माणूस आहे. जिवंत आहे. तिला सांगायला जा. मी दोनदा आले माहुलीला. फाट्यावर उतरले. विचारलं तर टपरीवाल्यानं बोट दाखवलं. तुम्ही रस्त्यानं येत होता, डोक्यावर वैरणीचा भारा आणि कपाळावर हे एवढं कुंकू. मी उलट्या यष्टीनं परत गेले. दोन्ही वेळा. मग सांगलीत बूथवर पुठ्ठा दिसला. जोडीदार हवी, आणि खाली तुमचं नाव. तुम्हाला आधीच कळू नये म्हणून मी माहेरचं आडनाव दिलं. वाटलं, एका खोलीत असलो तर कधीतरी सांगता येईल. रोज दिवा मालवल्यावर सांगणार होते. रोज तुम्ही त्यांच्याबद्दलच बोलायचात. कसं सांगू?”

लेका, माझ्या पायाखाली वाळू होती ती सुद्धा राहिली नाही. ‘मध्येच बदलत नाही ना खोल्या?’ मी हसलो होतो तेव्हा.

मग एकदम कालवा झाला. दोन बायका पुढं झाल्या, गजराबाईचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. रीत आहे आपल्यात, तुला माहीत आहे. एकीनं तर दगड उचललेला. गजराबाईनं दोन्ही हात मागं घेतले, पोटाशी धरले.

“हात लावायचा न्हाई. कुनीच न्हाई.”

उठली आणि ओल्या लुगड्यानं एकटी लॉजकडं चालायला लागली. मागं बघितलं नाही.

विधातेमामा माझ्यावर धावून आले. आयुष्यभर चिडायचं राखून ठेवलेलं असावं. “आण्णा, ही बाई आमच्या गाडीत नको. आत्ताच्या आत्ता तिकीट काढा आणि रेल्वेत बसवा. त्या माउलीचे पाय चेपत होती, मनात हे ठेवून. चोर तरी बरा.”

“मामा, ती सांगायलाच आली होती.”

“मग विट्यातच सांगायचं. बांगड्या भरून घेईपर्यंत थांबायचं?”

मी वाळूतले टॉवेल गोळा केले. रत्नमालाबाई तिथंच बसून होत्या, पाठीमागं सगळी गाडी त्यांना बोलत असताना. मी म्हणलं, रेल्वे वगैरे काही नाही, मी वेगळी खोली बघतो. लॉजवाल्याला सांगून स्टोअरशेजारची एक उघडून घेतली. जोडी फाटली की खोली बदलायची, धंद्यात एवढाच इलाज असतो. तक्रार आली, सामान हलवलं, झालं.

मी त्यांच्या खोलीवर गेलो तर दार उघडंच. गजराबाई खाटेवर बसलेली, लुगडं अजून ओलं, खाली पाण्याचं थारोळं. कुंकू तसंच. बांगड्या तशाच. मी रत्नमालाबाईंची पिशवी उचलली. त्या माझ्या मागं दारात उभ्या होत्या, उंबऱ्याबाहेर.

“पोरं किती तुला?” गजराबाईनं विचारलं. भिंतीकडं बघून.

“काय, ताई?”

“पोरं. त्याच्यापासनं. किती झाली?”

“नाही झालं.”

“एकबी?”

“नाही. डॉक्टर केले, नवस केले. मला काही दोष नाही म्हणाले डॉक्टर. ह्यांना आणा म्हणाले. हे कधी आले नाहीत.”

गजराबाई वळली. तिच्या तोंडाकडं मी बघितलं आणि नजर खाली घातली. मेलेल्या माणसाची बातमी आली तेव्हा ते तोंड असं झालं नव्हतं. वीस वर्षं, पोरा. लोकांच्या बारशाला बोलावणं नाही, ओटी भरायला कुणी हात लावू देत नाही. ज्या सासूनं दिवसरात्र ते ऐकवलं, तिच्याच नावानं आत्ता पाणी सोडून आली होती. बोटांवर तीळ होते अजून.

बाहेर आचारी ओरडत होता, पंगत मांडली म्हणून.

“आण्णा,” ती म्हणाली. “पिशवी कुठं चालवलीसा?”

“वेगळी खोली दिली ह्यांना.”

“ठिवा खाली.”

“काकू, गाडीतली माणसं...”

“गाडीतल्या मानसांचं न्हाई, माझं मानूस व्हतं. माझी वीस वर्सं हिच्याजवळ हायती. ती घेतल्याबिगर हिला कशी सोडू? ठिवा पिशवी. आन तू आत ये. दारात काय हुबी ऱ्हायलीस?”

रत्नमालाबाई आत आल्या. मी पिशवी ठेवली, बाहेर येऊन दार ओढलं. पण पाय निघेना. खोटं कशाला बोलू, उभा राहिलो तिथंच. आतनं गजराबाईचा आवाज.

“झोपंत बोलायचा का तिकडंबी?”

“हो. रोज.”

“काय बोलायचा?”

“हाका मारायचे. मराठीत. चांदे, चांदे म्हणून. मला वाटायचं तुमचं नाव चांदी असेल. मी कधी विचारलं नाही.”

मग असा आवाज आला की मला वाटलं बाई छाती बडवतेय. कान देऊन ऐकलं तर हसत होती. हसता हसता श्वास अडकत होता तिचा.

“चांदी म्हैस व्हती गं,” गजराबाई म्हणाली. “माझ्या म्हायेरची. लग्नात दिली व्हती बापानं.”

मी निघालो. जिन्यात विधातेमामा उभे होते, हात पाठीमागं बांधून. विचारलं, हलवली का बाई? मी म्हणलं, मामा, गप जेवायला बसा. माझा चेहरा बघून बसले.

परत येताना मदुराईत गाडी थांबवली. थांबवलीच. लॉज राहू दे, टेम्पो राहू दे. त्या दोघी खाली उतरल्या आणि सराफ बाजाराच्या गल्लीत गेल्या. मामा बरोबर निघाले तर गजराबाई म्हणाली, “मामा, आता पुकारायचं न्हाई. घर म्हाईत हाय हिला.” संध्याकाळ व्हायला आली तेव्हा परत आल्या. गजराबाईचं कपाळ मोकळं होतं. हातात बांगड्या नव्हत्या. पण हाताला ओरखडा नाही, काचेचा तुकडा नाही. उतरवल्या होत्या, एकेक करून. कुठं ठेवल्या ते मी विचारलं नाही. शेजारीच बसल्या दोघी, विट्यापर्यंत. मध्ये एकदा भांडण पण झालं, मोठमोठ्यानं. खिडकी उघडी ठेवायची का बंद, त्यावरनं.

पुढं काय झालं म्हणून विचारू नकोस. पुढचं माझ्या गाडीतलं नाही. मी एवढंच केलं, त्या दिवसापासनं पुठ्ठे बंद केले. एजंट चिडले. एकट्या बाईचं बुकिंग आता ती का येतेय, जोडीदार कशी हवी, हे तिच्याच तोंडनं, समोर नाहीतर फोनवर, ऐकल्यावरच घेतो. उशीर होतो, सीट रिकामी राहते, कोपऱ्यावरचा ऑनलाइनवाला मला हसतो. हसू दे.

चहा गार झाला तुझा. पी. आणि आता आईला फोन लाव. जोडीदार कशी पाहिजे ते तिच्या वतीनं तू सांगू नकोस. लागला की माझ्याकडं दे, आणि मी बोलत असेपर्यंत जरा बाहेर जाऊन उभा राहा.